कंपनीच्या मापाचा शर्ट

सव्वीस वर्षं मी अंगात काय घालायचं हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलं, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीत मी कागदपत्रं सांभाळायचो. दरवर्षी दिवाळीच्या आधी दोन शर्टांचं राखाडी आणि दोन पँटींचं गडद निळं कापड मिळायचं, वर शिलाईचे पैसे. आज काय घालावं असा प्रश्न ज्यांना रोज सकाळी पडतो, अशा लोकांविषयी मी पुस्तकांत वाचलं होतं. त्यांची मला थोडी दया यायची. मी डोळे न उघडता कपाटात हात घातला तरी हाताला लागेल तो शर्ट बरोबरच असायचा.

ते कापड टेरिकॉटचं होतं आणि मरत नव्हतं. शर्ट चार-चार वर्षं टिकायचे, कापड मात्र दरवर्षी यायचं. त्यामुळे ते घरात साचत जायचं आणि मग त्याचं काहीतरी करावं लागायचं. बायकोने त्याचे उशांचे अभ्रे केले, शिलाई मशीनची खोळ केली, दळणाच्या पिशव्या केल्या, आणि एकदा गॅसच्या सिलिंडरला पायघोळ झगाही शिवला. बुवापाड्यात आमच्या कंपनीतले पुष्कळ लोक राहायचे. तिथल्या गल्लीतून दुपारी गेलं की दोऱ्यांवर पडदे, पिशव्या, लहान मुलांच्या चड्ड्या, सगळं आमच्याच रंगाचं वाळत असायचं. त्या गल्लीत एखादा चोर शिरला असता तर त्यालाही बोचकं बांधायला आमचंच कापड मिळालं असतं.

मग एका सोमवारी फाटकापाशी नोटीस लागली. कारखाना गुजरातेत हलवत होते. कोणाकोणाला सोबत नेणार त्यांची नावं पहिल्या पानावर होती, आणि बाकीच्यांचे आभार दुसऱ्या पानावर मानले होते. मी दुसऱ्या पानावर होतो. वय त्रेपन्न. मुलीच्या फिजिओथेरपीच्या शिक्षणाची दोन वर्षं बाकी होती. मला नोकरी हवी होती. या हकिगतीतली महत्त्वाची गोष्ट तेवढीच. बाकी सगळे कपडे.

जाता जाता कंपनीने आमच्यासाठी एक कार्यशाळा ठेवली. विषय होता व्यक्तिमत्त्व आणि पोशाख. कँटीनमधली टेबलं भिंतीला सरकवून आम्हाला रांगांनी बसवलं. सगळे अर्थात राखाडी शर्टांत. समोर एक तरुण गृहस्थ उभे होते. कोट अंगाला इतका घट्ट की त्यांना हात वर करताना विचार करावा लागत होता, आणि पँट घोट्याच्या वरच संपलेली. माझ्या शेजारी स्टोअरमधला माझा मित्र बसला होता. आम्ही बावीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्लेला. तो माझ्या कानाशी म्हणाला, "कापड कमी पडलेलं दिसतंय बिचाऱ्याला. आपल्यातलं दिलं असतं."

"सर, तुमच्याआधी तुमचे कपडे बोलतात," तरुण गृहस्थ म्हणाले.

"मग आपण घरीच थांबू. कपडे पाठवून देऊ," मित्र पुटपुटला.

पडद्यावर रंगांची चक्रं आली. प्रत्येकाच्या त्वचेचा एक ऋतू असतो, असं आम्हाला कळलं. कोणी वसंतातले असतात, कोणी शिशिरातले, आणि आपला ऋतू ओळखून रंग निवडला की माणूस आत्मविश्वासाने चालतो. समोर बॉयलरवर, पॅकिंगमध्ये, गोदामात वीस-वीस वर्षं भाजून निघालेली माणसं होती. त्यांच्या त्वचेवर सगळे ऋतू एकदमच येऊन गेलेले. गृहस्थांनी नेमकं माझ्या मित्राकडे बोट केलं. "काका, तुम्हाला काय वाटतं? तुम्ही कोणत्या सीझनचे?"

मित्र उठून उभा राहिला. साहेब विचारतात म्हटल्यावर उभं राहायची सवय. "जनरल शिफ्टचा," तो म्हणाला.

त्या महिन्यात कँटीन हसलं ते तेवढंच. शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्र मिळालं. ते लॅमिनेट केलेलं होतं, त्यामुळे त्याची पिशवीही शिवता येण्यासारखी नव्हती.

घरी, बदलापुरात कात्रपमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये, मी हे सगळं हसण्यावारी नेलं. पण मुलीने ते मनावर घेतलं. तिने कपाट उघडलं आणि माझ्या बाजूचा कप्पा पलंगावर रिकामा केला. चार राखाडी शर्ट, चार निळ्या पँटी, लग्नात घालायचा एक रेशमी झब्बा, एक स्वेटर, आणि आहेरात आलेल्या शर्टपीस-पँटपीसच्या सात खोक्यांची चळत. खोक्यांवर बायकोने पेन्सिलीने कोणाकडून आलं ते लिहून ठेवलं होतं, परत त्यांच्याच घरी जाऊ नये म्हणून. ती शिवण्यासाठी नसतात. ती फिरण्यासाठी असतात. त्यातलं एक खोकं माझ्या साखरपुड्यातलं होतं, असा मला दाट संशय आहे.

"बाबा, तुमच्याकडे कपडेच नाहीत," मुलगी म्हणाली.

"हे काय आहे मग?"

"हा युनिफॉर्म आहे. कपडे म्हणजे... हे बघा." तिने फोनवर काहीतरी काढलं. "थोडेच घ्यायचे, पण सगळे एकमेकांवर जातील असे. म्हणजे सकाळी विचारच करावा लागत नाही."

"मी सव्वीस वर्षं काय केलं मग?"

ती बायकोकडे वळली. "आई, तू तरी सांग यांना."

बायको अभ्र्यांच्या घड्या घालत होती. राखाडी अभ्रे. "मी काय सांगणार," ती म्हणाली. "रविवारी बाजारात गेलो तरी लोक यांना विचारतात, आज ओव्हरटाइम का. मला वाटायचं यांना तेच आवडतं."

मी शर्टांच्या घड्या घालून ते परत कप्प्यात ठेवले.

पंधरा दिवसांनी खबर आली. बदलापुरातच, खरवईच्या पुढे, एका लहान कंपनीला स्टोअर आणि रेकॉर्ड सांभाळायला माणूस हवा होता. एकच. आमच्याकडे पूर्वी काम केलेल्या एका सुपरवायझरने मला फोन करून सांगितलं, आणि कोणाला बोलू नका, असंही सांगितलं. मी कोणाला बोललो नाही. मित्रालाही नाही. स्टोअरचं काम म्हणजे त्याचंच काम, हे मला कळत होतं, तरी नाही. त्या आठवड्यात त्याचा दोनदा फोन आला आणि दोन्ही वेळा आम्ही हवापाण्याविषयी बोललो. हे इथेच लिहून टाकतो. पुढे लिहायला जड जाईल.

मुलाखत गुरुवारी होती. आदल्या शनिवारी बायको मला उल्हासनगरला घेऊन गेली. तिचा तिथे एक ठरलेला सिंधी दुकानदार आहे, साठी उलटलेला. गादीवर मांडी घालून बसतो, आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याआधी त्याच्या कॉलरकडे बघतो.

"बोलो भाभी. फंक्शन आहे की ऑफिस?"

"इंटरव्ह्यू आहे," बायको म्हणाली.

"वा. बेटे का?"

"यांचा."

त्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं. पण त्याने आयुष्यभर माणसांना अवघड कपड्यांत घातलेलं होतं. तो डगमगला नाही. "बसा साईं. घाई नको."

आधी रेडीमेड झालं. आरशाच्या मागच्या अरुंद जागेत मी पाच शर्ट घातले आणि काढले. पोटावर बसायचा त्याच्या बाह्या बोटांपर्यंत यायच्या. बाह्या बसायच्या त्याची बटणं जीव मुठीत धरून उभी राहायची. प्रत्येक वेळी मी बाहेर येऊन बायकोसमोर उभा राहायचो आणि ती मान हलवायची. पाचव्या शर्टानंतर दुकानदार म्हणाला, "साईं, हे शर्ट बनवणाऱ्याने तुम्हाला कधी बघितलंच नाही ना. त्याचा काय दोष. कापड घ्या, शिवून घ्या." मग गादीवरून थोडा पुढे सरकला. "कलर बोला."

मी बायकोकडे बघितलं.

"कलर, साईं. कोणता आवडतो?"

मला खरंच माहीत नव्हतं. शाळेत पांढरा आणि खाकी. कॉलेजात थोरल्या भावाचे उतरलेले शर्ट. त्याची आवड त्याला विचारली असेल, मला नाही. मग कंपनी. चित्रकलेवरची पुस्तकं मी वाचली आहेत. अमक्या चित्रातल्या निळ्याविषयी मी कोणाशीही अर्धा तास वाद घालू शकतो. पण माझ्या स्वतःच्या अंगावर कोणता रंग हवा, हे त्रेपन्न वर्षांत मला पहिल्यांदा एक अनोळखी माणूस विचारत होता, तेही कापड खपवायला. मला एकाएकी फार थकल्यासारखं झालं. पाठीमागच्या स्टुलावर बसावंसं वाटलं, आणि मी बसलो.

दुकानदाराने हे असलं पुष्कळ बघितलं असावं. त्याने काही न विचारता आठ-नऊ तुकडे काढून समोर पसरले. माझा हात एकावर गेला.

"हा राखाडी आहे," बायको म्हणाली.

"याला निळसर झाक आहे."

"राखाडीला निळसर झाक आहे."

"भाभी, साहेब का हाथ अपने घर जा रहा है," दुकानदार म्हणाला. "जाने दो. परत येईल."

खरोखरच परत आला. बऱ्याच वेळाने तो एका फिकट हिरव्यावर थांबला. कैरी चिरली की आत दिसतो तसला, हिरवा म्हणावा की पिवळा म्हणावा असा. का थांबला ते सांगता येत नाही. कापड उचलून मी दाराशी उजेडात नेलं. बायको म्हणाली, "बरा आहे." तिच्याकडून याहून वरचा शेरा मी ऐकलेला नाही. त्यावर जाईलसं कॉफीच्या रंगाचं पँटचं कापडही तिने काढायला लावलं.

"तुम्ही स्वतः कोणता घालता?" मी दुकानदाराला विचारलं. तो पांढऱ्या शर्टात होता.

"मी? सफेद. दिवसभर कलर बघतो साईं. डोळ्याला सुट्टी पाहिजे ना." त्याने पूर्ण बाहीच्या शर्टाचं कापड मोजून कापलं आणि घडी घातली. "इंटरव्ह्यूमध्ये फुल स्लीव्ह. हाफ मत करना."

तिथून मी तडक शिंप्याकडे गेलो. बुवापाड्याच्या वळणावर त्याचं दुकान. अंबरनाथच्या निम्म्या कारखान्यांचे युनिफॉर्म त्याने शिवले आहेत. त्याच्या भिंतीवर खिळ्यांना पुठ्ठ्याचे फर्मे टांगलेले असतात, म्हणजे शर्टाचे भाग कापायचे साचे, प्रत्येक कंपनीचा वेगळा. वहीत तो गिऱ्हाइकाचं नाव लिहीत नाही. कंपनी आणि माप लिहितो. मी कापड त्याच्या टेबलावर ठेवलं.

"कधी पाहिजे?"

"बुधवारी."

"कसं?"

"नेहमीसारखंच, मास्टर," मी म्हणालो, आणि निघालो. सव्वीस वर्षं हेच म्हणत आलो होतो.

बुधवारी संध्याकाळी त्याने शर्ट हँगरवरून काढून माझ्या हातात दिला. कैरीच्या रंगाच्या त्या सुरेख कापडात त्याने आमचा युनिफॉर्म शिवला होता. छातीवर दोन खिसे, दोन्हींना झाकणं. डाव्या खिशात पेनासाठी वेगळा कप्पा. खांद्यांवर पट्ट्या. बाह्या अर्ध्या, कारण यंत्राजवळ लांब बाही अडकते म्हणून कंपनीने फार पूर्वीच तसा नियम केला होता. आणि उरलेलं कापड प्रामाणिकपणे घडी घालून, दोरा बांधून, सोबत.

"मास्टर, हे काय?"

"शर्ट."

"अहो, हा युनिफॉर्म आहे."

त्याने चष्मा वर केला. "तुमचाच आहे. वहीत बघा."

"पण कापड वेगळं होतं ना. हिरवं. मला वाटलं तुम्हाला कळेल."

"मला वाटलं कंपनीने रंग बदलला."

"कंपनी बंद झाली, मास्टर."

"ते मला माहीत आहे. सगळेच सांगतात." त्याने चष्मा खाली घेतला. "मी विचारलं होतं, कसं पाहिजे. तुम्ही काय म्हणालात?"

त्याने शर्ट परत घेतला, ब्लेड काढलं आणि टाके उसवायला बसला. मी समोरच्या बाकावर. खिशांची झाकणं गेली, खांद्यावरच्या पट्ट्या गेल्या, उजवा खिसा अख्खा गेला. जिथे जिथे टीप होती तिथे बारीक भोकांच्या रांगा राहिल्या.

"दोन धुण्यांत बुजतील," तो म्हणाला.

"उद्या सकाळी इंटरव्ह्यू आहे."

"मग इस्त्री दाबून करा." पेनाचा कप्पा त्याने ठेवला. "पेन तर लागेलच. बाह्यांचं मात्र आता काही होत नाही." शर्ट पिशवीत घालताना तो स्वतःशीच म्हणाला, "एक जण धड सांगत नाही. या आठवड्यातला हा चौथा." तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

घरी बायको शर्ट बघून हसायला लागली आणि हसता हसता खुर्चीत बसली. मुलीने इस्त्री केली, दाबून, दोनदा. भोकं तिथेच होती. जवळ जाऊन बघितलं तर गेलेल्या खिशाचा चौकोन स्पष्ट दिसत होता.

"हाफ स्लीव्हजमध्ये इंटरव्ह्यूला जाणार?" ती म्हणाली.

"यंत्रात अडकणार नाही."

"आहेरातलं एखादं खोकं आधीच शिवून ठेवलं असतंत तर?"

"तेही त्यानेच शिवलं असतं," बायको म्हणाली. "आणि कसं, ते आता कळलंच आहे."

गुरुवारी सकाळी रिक्षाने गेलो. खरवईच्या पुढे इमारतींचे नवे सांगाडे संपले की ती कंपनी लागते. रखवालदाराने वहीत सही घेतली आणि आतल्या एका खोलीकडे बोट दाखवलं. दार लोटलं तर भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर तीन माणसं बसली होती. एक आमच्या पॅकिंगमधला, गुलाबी शर्टात. एक आमच्या प्रयोगशाळेतला, बारीक रेघांच्या बदामी शर्टात. आणि तिसरा माझा मित्र, जांभळ्या. तिन्ही शर्टांना अर्ध्या बाह्या. तिघांच्याही डाव्या खिशावर पेनाचा कप्पा. गुलाबी शर्टाची भोकं माझ्यासारखीच दिसत होती. बदामीची रेघांमध्ये लपली होती. मित्राने मात्र काहीच उसवून घेतलं नव्हतं. दोन्ही खिशांची झाकणं आणि खांद्यावरच्या पट्ट्या जांभळ्या रंगात दिमाखात उभ्या होत्या.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कोणी हसलं नाही. मग मी उरलेल्या खुर्चीत बसलो. ती त्याच्या शेजारचीच होती.

"तूही नेहमीसारखंच म्हणालास?" मित्राने समोर बघत विचारलं.

"हो."

"हं."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी उसवलं नाही. एवढी मेहनत केली त्याने."

आतून एक तरुण मुलगी हातात यादी घेऊन आली. मुलाखती तीच घेणार होती. तिने आम्हा चौघांवरून नजर फिरवली, यादीत बघितलं, परत आमच्याकडे. "तुम्ही सगळे एकाच एजन्सीकडून आलात का?"

"एकाच मास्टरकडून," मित्र म्हणाला.

तिला ते कळलं नाही. तिने गुलाबी शर्टाला आत नेलं. दार बंद झालं आणि आम्ही बसून राहिलो. कार्यशाळेत सांगितलं होतं की अशा वेळी पाठ ताठ ठेवावी, चेहऱ्यावर हलकं स्मित असावं. मी नुसताच मित्राच्या बुटांकडे बघत होतो. त्याने त्यांना पॉलिश केलं होतं, फार घट्ट हाताने, शिवणींतसुद्धा. घरी सकाळी उठून हे करताना त्यानेही ठरवलं असणार, याला सांगायचं नाही. शर्टाची मला लाज वाटत नव्हती. शर्ट तर दोघांचा सारखाच होता.

माझी पाळी आली. आत ती मुलगी आणि एक वयस्क मॅनेजर. तिने विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता. मी म्हणालो, निवृत्त. तिने लिहून घेतलं. मग नोकरी का सोडलीत, असं विचारलं. मी सांगितलं, मी नाही सोडली, ती गुजरातेत गेली. एवढ्या वेळात माझ्या लक्षात आलं की तिची नजर पुन्हा पुन्हा माझ्या छातीच्या उजव्या बाजूला, भोकांच्या चौकोनाकडे जाते आहे. विचारायचं कसं, हे तिला कळत नसावं.

मॅनेजरने एकच प्रश्न विचारला. बारा वर्षांपूर्वी पाठवलेल्या मालाच्या तपासणीचा कागद गिऱ्हाइकाने आज मागितला तर कसा काढून द्याल? मी सांगायला लागलो. आवक-जावकची वही, मालाचा क्रमांक, कागदाची कुठली प्रत कुठे जाते, वाळवीच्या भीतीने आम्ही फायली कशा ठेवायचो, संगणकावर आलं तरी मूळ कागद का टाकायचा नाही. बराच वेळ बोललो. बोलताना आपण काय घातलं आहे याचा मला विसर पडला होता, हे बाहेर आल्यावर आठवलं.

मित्र शेवटी गेला. तो आत माझ्यापेक्षा जास्त वेळ होता. मी फाटकाबाहेरच्या टपरीवर थांबलो. तो आला आणि आम्ही चहा घेतला.

"सांगायचंस तरी," तो म्हणाला.

"तूही नाही सांगितलंस."

"मी सांगणार होतो. सोमवारी फोन केला तो त्यासाठीच. मग तू म्हणालास, ऊन फार आहे. मग मीही म्हणालो, फार आहे."

"एकच जागा आहे म्हणतात."

"एकच." त्याने ग्लास खाली ठेवला. "चांगला आहे तुझा रंग. कुणी निवडला?"

"मी."

"खरं?" तो म्हणाला, आणि कापडाचा पोत बघावा तशी माझी बाही दोन बोटांत धरून बघितली. मग आम्ही दोन वेगळ्या रिक्षांनी घरी गेलो. रस्ता एकच होता, तरी.

शनिवारी दुपारी मुलाखत घेणाऱ्या त्या मुलीचा फोन आला. सोमवारपासून या, म्हणाली. आधी एक वर्षासाठी, पगार आधीपेक्षा कमी. पण ते सगळं मला अपेक्षित होतं. मी हो म्हणालो. बायकोने देवापुढे साखर ठेवली. आमच्या मुलीने लगेच आणखी तीन शर्टांची यादी केली, रंगांसकट. तिथे युनिफॉर्म नाही, हे तिने आधीच चौकशी करून ठेवलं होतं. म्हणजे आता रोज सकाळी मला तो प्रश्न पडणार होता. यादी खिशात ठेवून मी गॅलरीत गेलो. मित्राला फोन करायचा होता, आणि या खेपेस उन्हाविषयी बोलायचं नव्हतं. नंबर लावायला मला पाव तास लागला.

"मला बोलावलंय," मी म्हणालो. "सोमवारपासून."

पलीकडे दूरदर्शन चालू होतं. तो आवाज कमी झाला.

"बरं झालं," तो म्हणाला. "दोघांतल्या एकाला तरी." आणि लगेच, "त्यांचं स्टोअर बघितलंस का तू?"

"नाही. मला दाखवलं नाही."

"मला त्या मॅनेजरने दाखवलं. दार आतल्या बाजूला उघडतं. तिथे पहिला रॅक लावलाय, त्यावर दार आपटतं. आधी तो काढ. डाव्या भिंतीला ओल आहे, तिथे कागद ठेवू नकोस, काचेचं सामान ठेव. जड माल खिडकीखाली." मग म्हणाला, "मी मनात सगळं लावून ठेवलं होतं. रात्रभर."

मी खिशातलं पेन चाचपलं.

"लिहून घेतोयस का?"

"थांब," मी म्हणालो. खिशातला मुलीचा कागद काढला आणि उलटा केला. "सांग. दारापासून सांग."

त्याने दारापासून सांगायला सुरुवात केली.